पाच जण आत, हातात एक्का-राजा : हा हात कुठे चुकला?

जागलीवाला (आर्णी तालुका, यवतमाळ)

मंडळी, हा पोकरचा हात, म्हणजे एक डाव, जुना आहे. जानेवारी २०२५ चा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा "अ‍ॅप कोणतं, लिंक टाका" असं कोणी विचारू नये. पण त्या काळातल्या हातांची मी एक दोनशेपानी वही केली आहे, आणि तिचं सत्तेचाळिसावं पान उघडलं की अजून पोटात कालवतं.

परिस्थिती अशी होती. त्या आठवड्यात शेताला रात्रीची लाईन. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलेले. तीन तास झाले की उतरून पाईप बदलवायचे, मधल्या वेळात मचाणावर बसून डुकरं हाकलायची. मचाणावर नेटवर्कच्या दोन दांड्या येतात, खाली एकही नाही. त्यामुळे माझं सगळं पोकर जमिनीपासून आठ फूट उंचीवर झालेलं आहे.

टेबल सहा जणांचं, ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच दोघांनी टाकायचे पैसे) १ आणि २ रुपये, सगळ्यांसमोर २०० रुपये. पहिल्या जागेवर ट्रॅक्टरचा फोटो लावलेला गडी, त्यानं नुसते २ टाकून लिम्प केलं, म्हणजे न वाढवता आत आला. त्याच्यानंतर वाघाचा फोटो, त्यानंही २. माझ्याकडे बदाम एक्का, किलवर राजा. मी ८ केले. बटणवाल्यानं (पुढच्या फेऱ्यांत शेवटी खेळणारा) कॉल म्हणजे तेवढेच टाकले, छोटा ब्लाइंड फोल्ड म्हणजे बाहेर, मोठा ब्लाइंड कॉल, ट्रॅक्टर कॉल, वाघ कॉल. पॉट (मधला ढीग) ४१ रुपये, आत पाच जण.

फ्लॉप (मधोमध उघडलेले, सगळ्यांचे सामाईक पहिले तीन पत्ते) : इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, बदाम अठ्ठी.

मोठा ब्लाइंड चेक, म्हणजे काही न लावता पुढे. ट्रॅक्टरनं स्वतःहून २० लावले. वाघाचा कॉल. मी ८० केले. बटण आणि मोठा ब्लाइंड पळाले. ट्रॅक्टर ऑल-इन. वाघानंही सगळे टाकले. आता पॉटमध्ये ५०५ आणि मला अजून ११२ द्यायचे. नेमकं त्याच वेळी खाली पाईपचा जोड सुटला आणि फवारा थेट मचाणावर यायला लागला. फोन शर्टाखाली धरून अंगठ्यानं कॉल दाबलं.

ट्रॅक्टर : चौकट नव्वी, किलवर अठ्ठी. वाघ : इस्पिक राणी, इस्पिक पंजी. टर्न (चौथा पत्ता) इस्पिक गुलाम, रिव्हर (पाचवा) चौकट दुर्री. वाघाचे पाच इस्पिक, म्हणजे फ्लश झाला, तो सगळं घेऊन गेला, आणि मी ओल्या शर्टानं जोड बसवायला खाली उतरलो.

सांगा, फ्लॉपवर काय करायला पाहिजे होतं? टॉप पेअर (फ्लॉपवरच्या सगळ्यांत मोठ्या पत्त्याची जोडी), वर एक्क्याचा किकर (सोबतचा पत्ता). टाकून तर देता येत नाही ना बाप्पा!

संत्रा_मोर्शी

फ्लॉपवर चुकलात असं सगळे म्हणतील. मी म्हणतो चूक त्या आठ रुपयांत आहे.

पुढे दोन लिम्पर असताना २ च्या ब्लाइंडवर ८ म्हणजे रेज (भाव वाढवणं) नव्हे, पंगतीचं आवतण आहे. ज्यानं २ टाकले तो अजून ६ टाकणारच. एक बसला की दुसऱ्याला भाव आणखी बरा वाटतो, दुसरा बसला की तिसऱ्याला. नेहमीचा हिशेब काय? मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट, वर दर लिम्परमागे एक ब्लाइंड. म्हणजे १० ते १२. आपल्या टेबलांवर मी १४-१६ करायचो, कारण तिथे १२ ला कोणी भीत नव्हतं.

समजा तुम्ही १४ केले आणि बटण व ट्रॅक्टर असे दोघंच आले. पॉट होतो ४७. तुमचा ४१ होता. पॉट जवळपास तेवढाच, माणसं दोन कमी. आता एक्का-एक्का घ्या. समोर एकच जण कोणतेही पत्ते घेऊन बसला असेल तर शंभरातून ८५ वेळा जिंकता. तीन बसले तर ६४ वेळा, चार बसले तर ५६. सगळ्यांत मोठ्या जोडीची ही गत. तुमच्या एक्का-राजाला तर आधी जोडी लागायची असते.

आर्वीचा_गुलाम

काऊन बे संत्रा, १६ केले असते तरी थे ट्रॅक्टर आलंच असतं. म्या त्या टेबलावर दोन वर्स काढले. ५० केले तरी लोकं नव्वी-अठ्ठी टाकत नव्हते, "पाहून तं घेऊ" म्हनत. तुया हिशेब पुस्तकातला हाय.

जागलीवाले भाऊ, तुमचं रेज बराबर होतं. इस्पिकवाल्याले सस्त्यात पत्ता कायले दाखवाचा? थो वाघ २० रुपये देऊन पाहून रायला होता. त्याचे नऊ इस्पिक बाकी. दोन पत्त्यांत शंभरातून ३५ वेळा लागते. त्याले महाग कराच लागते. तुमी महाग केलं, त्यानं देल्लं, त्याचं लागलं. यात तुमची चुकी कोनती? वही फाडून टाका अन् झोपा.

नेट_मास्तर (चामोर्शी)

वही फाडू नका. गुलामभाऊ, ड्रॉला (अजून न आलेल्या पत्त्याच्या आशेवर बसलेल्याला) महाग करायचं हे दोघांच्या हातात अगदी खरं. इथे पाच जण होते आणि तिथेच सगळा फरक पडतो.

जागलीवाले फ्लॉपच्या आधी रेज करून बसलेत, म्हणजे त्यांच्याकडे मोठं काही आहे हे सगळ्या टेबलाला माहीत आहे. अशा वेळी ट्रॅक्टर चार जणांच्या तोंडावर स्वतःहून २० लावतो. तो काय घेऊन बसला असेल ते मोजू. राजे उरले दोन, कारण एक फ्लॉपवर आणि एक तुमच्या हातात. नव्व्या तीन, अठ्ठ्या तीन.

नव्वी-अठ्ठी ९ प्रकारे येते. नव्वीची तिकडी ३, अठ्ठीची तिकडी ३. राजा-नव्वी ६, राजा-अठ्ठी ६. झाले २७, हे सगळे तुमच्या पुढचे. मागचे म्हणजे राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी, प्रत्येकी ८ प्रमाणे २४. गुलाम-दश्शी १६, ती सरळ ओळीच्या आशेवर. शिवाय इस्पिकवाले.

म्हणजे २० लावले त्या क्षणी तुम्ही फार मागे नव्हता. पण तुम्ही ८० केलेत. आता राजा-दश्शीवाला काय करतो? कुरकुरत फोल्ड, फार तर कॉल. ऑल-इन करत नाही. ऑल-इन करतात ते २७, आणि कधीमधी एखादा तापट गुलाम-दश्शीवाला. तुम्ही सूप घेऊन पाखडायला बसलात, पण दाणे उडवले आणि खडे सुपात ठेवले. नुसता कॉल केला असता तर राजा-दश्शी आत राहिली असती, आणि तुमचा नफा तिच्याकडूनच येणार होता.

आता शेवटचे ११२. एकूण पॉट होणार ६१७. म्हणजे शंभरातून १८ वेळा जिंकलात तरी कॉल फिटतो. तिघांचे पत्ते उघडे धरून मी टर्न-रिव्हरच्या सगळ्या जोड्या मोजल्या, शाळेला सुट्टी होती. होतात ९०३. त्यांतल्या १४७ मध्ये तुम्ही जिंकता. म्हणजे १६ टक्के. पत्ते दिसत असते तरी त्या कॉलमध्ये सरासरी बाराएक रुपयेच गेले असते. आणि दिसत नव्हते, ट्रॅक्टरकडे कधी गुलाम-दश्शीही असू शकते, म्हणून तो कॉल मी चूक धरत नाही. पोटात कालवायचंच असेल तर ८० वर कालवा, ११२ वर नको.

आर्वीचा_गुलाम

मास्तर, टर्नले इस्पिक आला हे पाहून तुमी सांगून रायले. चौकट तिर्री आली असती त? ट्रॅक्टरनं अजून ५० लावले असते, वाघानं कॉल केला असता, मंग काय केलं असतं?

नेट_मास्तर

कॉल. आणि रिव्हरवर ट्रॅक्टरनं उरलेलं सगळं ढकललं असतं तर फोल्ड. अशा टेबलावर रिव्हरला एवढी मोठी बेट जोडीवर कोणी लावत नाही.

आर्वीचा_गुलाम

म्हंजे ७८ देऊन फोल्ड! त्यापेक्षा फ्लॉपवरच फोल्ड नाई का बरा?

नेट_मास्तर

२० रुपयांत १०१ चा पॉट मिळत असताना तो फोल्ड मला जमणार नाही. पण तुमचा प्रश्न वाजवी आहे, आणि मागे बटण अजून खेळायचं होतं हे मी धरलंच नव्हतं. तिथे एखादी तिकडी लपलेली असती तर माझा कॉलही अवघड झाला असता.

तुरीची_डाळ (कारंजा, वाशिम)

सर, तुम्ही मोजता छान. माझं गणित इतकं पक्कं नाही, मी आपला मार खाऊन शिकलेला हात सांगते.

मी मोठ्या ब्लाइंडवर, चौकट सत्ती-छक्की. चार जण लिम्प, मी चेक, म्हणजे फुकटात आत. फ्लॉप चौकट एक्का, चौकट नव्वी, किलवर दुर्री. कोणीतरी लावले, दोघांनी कॉल केले, मीही केला. टर्नला चौकट तिर्री. लागला फ्लश! मी इतकी हरखले की गॅसवरचं दूध विसरले. रेज, परत रेज, ऑल-इन. समोरच्यानं उघडलं : चौकट राजा, चौकट पंजी.

तेव्हापासून एक गोष्ट ठरवून टाकली. समोर एकच जण असेल तर कोणताही फ्लश चालतो. चौघं-पाच जण असतील तर आधी स्वतःला विचारायचं, माझ्या रंगात माझ्याहून मोठे किती पत्ते अजून बाहेर आहेत? त्या हातात राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी सगळे बाहेरच होते. चार माणसांच्या आठ पत्त्यांत दोन चौकट असले की त्यांत एक तरी माझ्या सत्तीहून मोठा असायची भीती. फ्लश धरायचा तर एक्क्याचा, फार तर राजाचा. त्या वाघाचा राणीचा फ्लशही मला भरवशाचा वाटत नाही. त्या दिवशी त्याला चालून गेला इतकंच.

आणि दूध उतू गेलं ते वेगळंच. सासूबाईंना अजून वाटतं की मी तेव्हा सेतूचं काम करत होते.

पत्तेबाज_निवृत्त

एवढं सगळं गणित वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आमच्याकडे पोळ्याला तीनपत्ती चालायची, अजूनही चालते, पोलीस येतात तेव्हा पोरं तुरीच्या वावरात पळतात. तिथून मी मोबाईलवर आलो. पहिल्याच महिन्यात पाचशेला बसलो, कारण तीनपत्तीत सीक्वेन्स (ओळ) कलरच्या (फ्लशच्या) वर असतो आणि मी पोकरमध्येही तसंच धरून चाललो होतो. ओळ लागली म्हणून सगळं लावलं, समोरचा कलर दाखवून घेऊन गेला. मी कस्टमर केअरला तक्रार केली होती! नंतर पुतण्यानं समजावलं : तीन पत्त्यांत ओळ दुर्मीळ, पाच पत्त्यांत रंग दुर्मीळ, म्हणून क्रम उलटा.

बरं, तुम्ही ११२ आणि १२ रुपयांचा कीस काढता. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागायचा, जिंकलं तर निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस कापायचे, आणि वर अ‍ॅप प्रत्येक पॉटमधून आपला कट काढायचं. दोनशे रुपयांच्या टेबलावर हे सगळं भरून कोण वर राहिलं? मी तर नाही. बंद झालं तेव्हा बायकोनं पुरणपोळी केली होती. त्या आठवड्यात पोळा होता म्हणून केली असेल, पण मला ती तशीच वाटली.

संत्रा_मोर्शी

निवृत्तकाका, मान्य. मीही वर नव्हतो. पण हा धागा पैशांचा नाही, हाताचा आहे. बुद्धिबळाचे डाव लोक सोडवतात ना, तसा.

नवशिका_दिग्रस

एक विचारू का? मी फुकटच्या चिपांवर खेळतो. फ्लॉपवर काहीच लागलं नाही आणि समोर तिघं आहेत, सगळ्यांनी चेक केलं, तर मी ब्लफ मारावा का? समोर एक असला की नेहमी चालतं.

संत्रा_मोर्शी

समजा पॉट ४०, तुम्ही २० लावले. तीनातून एकदा सगळे पळाले तरी बरोबरी होते. समोर एकच जण असेल आणि तो शंभरातून ६० वेळा टाकत असेल तर मजा आहे. आता तिघंही तसेच, प्रत्येक जण ६० वेळा टाकणारा. तिघंही एकाच वेळी टाकतील असं शंभरातून २२ वेळाच होतं. बरोबरीला ३३ लागतात. खेळणारे तेच, पत्ते तेच, फक्त डोकी वाढली आणि नफ्याचा तोटा झाला.

फुकटच्या चिपांवर तर एकही जण ६० वेळा टाकत नाही, मग तिथे ब्लफ कशाला! तिथे लागलं की लावायचं आणि जाडजूड लावायचं. छोटी जोडी घेऊन स्वस्तात आत जा. साधारण साडेआठ वेळांतून एकदा फ्लॉपवर तिकडी लागते. लागली की दबा धरून बसू नका. पाच जणांत कोणाकडे तरी जोडी असते, कोणाकडे तरी ड्रॉ असतो, आणि दोघंही पैसे द्यायला तयार असतात. लोक तिकडी लपवून ठेवतात आणि चौथा इस्पिक पडला की रडत बसतात.

आर्वीचा_गुलाम

हे मातर संत्रा बराबर बोल्ला. लिहून ठेवा रे, रोज नाई बोलत.

तुरीची_डाळ

जागलीवाले दादा, तुम्ही धागा काढून गायब झालात. पाईप बदलवायला गेलात का?

जागलीवाला

हो ताई, खरंच तेच करत होतो. सगळं वाचलं.

संत्राभाऊंचं आठ रुपयांचं पटलं. तेव्हा मनात होतं की मोठं लावलं तर सगळे पळतील आणि एवढे चांगले पत्ते वाया जातील. म्हणजे मीच पाहुणे बोलावले अन् मग वरण पुरेना म्हणून रडलो. मास्तरांचं सुपाचं वाक्य वहीत सत्तेचाळिसाव्या पानावर लाल पेननं लिहिलं. गुलामभाऊ, तुमच्या म्हणण्यानं झोप चांगली लागते, तेही ठेवतो. पण तुम्हां दोघांत कॉल का रेज ते काही ठरलं नाही, आणि मलाही अजून ठरवता येत नाही. बटण मागे नसतं तर मी मास्तरांकडे झुकलो असतो.

आता पैशांचं काही नाही, तर आम्ही रविवारी दुपारी पाच जण मारोतीच्या पारावर बसतो. एक सरकी म्हणजे १, एक चिंचोका म्हणजे १०. ब्लाइंड १ आणि २ सरक्या. हिशेब मीच ठेवतो, त्याच वहीत मागच्या बाजूनं.

परवाच पुन्हा एक्का-राजा आला. पुढे दोन लिम्पर. संत्राभाऊंचं नाव घेऊन थेट १६ केले, एक चिंचोका अन् सहा सरक्या. चौघांनीही कॉल केला. चौघांनीही! गुलामभाऊ, तुम्ही आठवलात. ८० सरक्यांचा पॉट, आणि फ्लॉपवर राजा, नव्वी, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. ड्रॉ फारसा नाही. चौघांनीही चेक. मी म्हटलं आता ४० लावू, आणि चिंचोके मोजायला मान खाली घातली.

मान वर केली तर शेजारच्यांची शेळी पारावर चढलेली आणि पॉटमधल्या सरक्या निम्म्याहून जास्त संपलेल्या. चिंचोके तिनं थुंकून टाकले. दोघं म्हणतात हात रद्द, दोघं म्हणतात पॉट ८० च धरायचा, आणि मालकीणबाई म्हणतात तुमच्या सरकीनं शेळीचं पोट फुगलं तर डॉक्टरचे पैसे तुम्हीच द्यायचे.

मास्तर, असा हात मोजता येतो का?